दागिन्यावरचा शिक्का काय सांगतो? ९१६, केडीएम, एचयूआयडी आणि मोडीचा खरा हिशेब

लग्नसराई असो की पेरणीच्या तोंडावर आलेली पैशाची नड, आपल्याकडे सोनं एक तर घेतलं जातं, नाहीतर मोडलं जातं किंवा गहाण पडतं. या तिन्ही वेळी रक्कम ठरते ती दोन गोष्टींवर, वजन किती आणि शुद्धता किती. वजन काट्यावर समोर दिसतं. शुद्धता डोळ्यांना दिसत नाही. ती दागिन्याच्या आतल्या बाजूला कोरलेल्या तीळभर शिक्क्यात लिहिलेली असते, आणि तो शिक्का वाचायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. सराफाने सांगितलं "बावीस कॅरेट आहे", आपण मान डोलावली, पावती घडी घालून डब्यात टाकली, विषय संपला. दहा वर्षांनी दागिना मोडायला गेल्यावर मात्र हाच विषय पुन्हा सुरू होतो आणि तेव्हा तोटा आपलाच असतो.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण त्यापायी लोकांचं नुकसान होतं. "हॉलमार्क नसलेलं जुनं सोनं आता विकताच येत नाही," असं अनेकांना वाटतं. काही ठिकाणी दुकानदारच हे सांगतो आणि भाव पाडून मागतो. हे खोटं आहे. हॉलमार्कची सक्ती सराफाने गिऱ्हाइकाला विकायच्या दागिन्यांवर आहे. तुमच्या घरातलं आजीचं डोरलं, आईच्या पाटल्या, बोरमाळ हे सगळं शिक्का नसला तरी तुम्ही घरात ठेवू शकता, मोडू शकता, बदलून घेऊ शकता. सराफालाही ते तुमच्याकडून विकत घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. शिक्का नाही म्हणजे सोनं खोटं, असंही नाही. शुद्धता तपासून घ्यावी लागेल, एवढंच.

आकडे कसे वाचायचे

कॅरेट म्हणजे चोवीस भागांतले किती भाग सोनं. चोवीस कॅरेट म्हणजे सगळंच सोनं. ते इतकं मऊ असतं की त्याची बांगडी रोजच्या वापरात चेपते, म्हणून त्यात तांबं, चांदी असे धातू मिसळतात. बावीस कॅरेटमध्ये चोवीसपैकी बावीस भाग सोनं आणि दोन भाग इतर धातू. हेच हजाराच्या हिशेबात मांडलं की ९१६ येतं, म्हणजे हजार ग्रॅममध्ये ९१६ ग्रॅम सोनं. त्याच रीतीने वीस कॅरेट म्हणजे ८३३, अठरा कॅरेट म्हणजे ७५० आणि चौदा कॅरेट म्हणजे ५८५. तेवीस कॅरेटचा आकडा ९५८. जुलै २०२५ पासून नऊ कॅरेट, म्हणजे ३७५, हाही प्रकार हॉलमार्कमध्ये आला आहे. त्यात निम्म्याहून कमी सोनं असतं. स्वस्त पडतं म्हणून घ्यायला हरकत नाही, पण ते बावीसच्या भावात कुणी गळ्यात घालत नाही ना, एवढं बघा.

एका आकड्याला हमखास फसायला होतं, तो ९२५. पिवळीधमक अंगठी, आत ९२५ चा शिक्का. ९१६ पेक्षा ९२५ मोठा, म्हणजे हे सोनं जास्त चोख, असं वाटतं. प्रत्यक्षात ९२५ हा चांदीचा आकडा आहे. चांदीची अंगठी, वरून सोन्याचं पाणी दिलेली. चांदी म्हणून ती चांगलीच असते. सोनं म्हणून घेतली तर पैसे पाण्यात.

आताच्या हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी

भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएस, या सरकारी संस्थेने सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू केलं. तेव्हा ते ऐच्छिक होतं. १६ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. पहिल्या टप्प्यात देशातले २५६ जिल्हे होते, पुढे जिथे तपासणी केंद्रं झाली ते जिल्हे जोडत गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हा आकडा ३६१ वर गेला. १ एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्यावर जुना शिक्का चालत नाही, सहा अक्षरी क्रमांकाचा हॉलमार्कच लागतो.

या हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात. पहिली, बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह. दुसरी, शुद्धता. बावीस कॅरेट असेल तर इंग्रजी आकड्यांत बावीस, पुढे के हे अक्षर आणि लगेच ९१६. तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून सहा जागांचा क्रमांक. यालाच एचयूआयडी म्हणतात. हा क्रमांक दागिन्याचं आधार कार्ड समजा, प्रत्येक नगाचा वेगळा. एकाच घडणीच्या दोन अंगठ्या घेतल्या आणि दोन्हींवर तोच क्रमांक दिसला, तर तिथेच प्रश्न विचारा.

हा शिक्का लेसरने मारलेला आणि फार बारीक असतो. अंगठी आणि बांगडीत आतल्या बाजूला, मंगळसूत्रात वाटीच्या मागे किंवा कडीजवळ, साखळीत कडीच्या चपट्या पट्टीवर शोधा. सराफाने गिऱ्हाइकासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग दुकानात ठेवायचं असतं, ते हक्काने मागा. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि बोटांनी मोठा करा. उजेड तिरका पडला तर अक्षरं नीट उठतात.

क्रमांक वाचता आला की फोनमध्ये बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप घ्या. ते फुकट आहे. त्यात एचयूआयडी तपासण्याच्या जागी सहा अक्षरं टाकली की दागिना कोणत्या सराफाने हॉलमार्कला दिला, त्याचा नोंदणी क्रमांक, कोणत्या केंद्रात तपासणी झाली, कोणत्या तारखेला, शुद्धता किती आणि दागिन्याचा प्रकार कोणता, हे सगळं समोर येतं. बहुतेक लोक "क्रमांक आला, म्हणजे खरं" म्हणून इथेच थांबतात. थांबू नका. प्रकार जुळतोय का ते बघा. तुमच्या हातात गंठण आहे आणि अ‍ॅप अंगठी दाखवतंय, तर दुसऱ्या कुठल्यातरी दागिन्याचा खरा क्रमांक यावर उतरवलेला आहे. शुद्धतेचंही तसंच, शिक्क्यावर ९१६ आणि अ‍ॅपमध्ये ७५० असेल तर दागिना तिथेच ठेवा. हे सगळं पैसे द्यायच्या आधी, दुकानातच करायचं. घरी येऊन नाही.

२०२१ च्या आधी घेतलेल्या दागिन्यांवर क्रमांक नसतो. त्यावर बीआयएसचं चिन्ह, ९१६ सारखा आकडा, तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण अशी चार चिन्हं असतात. त्याहून जुन्या काही नगांवर वर्ष दाखवणारं एक अक्षरही सापडतं. हा शिक्का रद्द झालेला नाही. तुमच्या घरातल्या अशा दागिन्याची शुद्धता आजही तीच धरली पाहिजे.

आणि ज्यांना सूट आहे तेही माहीत असू द्या, नाहीतर उगाच भांडण होईल. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही. त्यामुळे नाकातली चमकी, बाळाच्या कानातलं बारीक डूल यावर शिक्का नसेल तर सराफ लबाड ठरत नाही. कुंदन, पोलकी, जडाऊ कामाला सूट आहे. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या सराफालाही सूट आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत अशी दुकानं असतात आणि त्यातले कित्येक पिढ्यान्‌पिढ्या चोख व्यवहार करणारे आहेत. फक्त तिथे शिक्क्याची हमी नाही, म्हणून पावतीवर शुद्धता लिहून घेणं जास्तच गरजेचं.

केडीएम हा शुद्धतेचा शिक्का नाही

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या दागिन्यांवर केडीएम लिहिलेलं सापडतं आणि लोक अजून अभिमानाने सांगतात, "केडीएमचं आहे." याची गोष्ट अशी. दागिन्याचे तुकडे जोडायला सोनार डाख देतो. पूर्वी डाखात तांबं जास्त असायचं, त्यामुळे सोनं बावीस कॅरेटचं घेतलं तरी दागिना वितळवल्यावर शुद्धता खाली यायची. जितके सांधे जास्त, तितकी घसरण. साज, ठुशी अशा असंख्य जोडांच्या दागिन्यात ती जास्तच. यावर उपाय म्हणून डाखात कॅडमियम वापरायला लागले. कॅडमियम लवकर वितळतं आणि तापवताना बरंचसं उडून जातं, म्हणून शुद्धता टिकते. पण तो धूर कारागिराच्या फुप्फुसांत जातो आणि तो विषारी असतो. म्हणून ती पद्धत मागे पडली. आता जस्त आणि इतर धातूंचा डाख वापरतात.

म्हणजे केडीएम हे सांधा कसा जोडला त्याचं नाव आहे. सोनं किती चोख, हे ते सांगत नाही. त्याची तपासणी कोणत्या सरकारी केंद्राने केलेली नसते. केडीएम शिक्क्याचा दागिना चांगला असू शकतो, पण त्या शिक्क्यावर विसंबून भाव लावू नका. आजही कुणी नवा दागिना "केडीएम आहे, हॉलमार्कपेक्षा भारी" म्हणून विकत असेल, तर दुकान बदला.

परदेशातून आलेली अंगठी, आणि सोन्याचं नाव लावलेलं बरंच काही

कोकणातली, मराठवाड्यातली कितीतरी माणसं आखातात कामाला आहेत. तिकडून येणाऱ्या सोन्यावर बऱ्याचदा ८७५ असतं, म्हणजे एकवीस कॅरेट. आपल्या हॉलमार्कमध्ये एकवीस कॅरेट हा प्रकारच नाही, त्यामुळे इथला सराफ कधी ते "वीसचं" म्हणून मोजतो. एक कॅरेटचा फरक म्हणजे तोळ्यामागे जवळपास चार टक्के चोख सोनं. आकडा माहीत असेल तर बोलता येतं.

अमेरिकेत शिकलेल्या मुलांच्या बोटात कधीकधी शाळा-कॉलेजची जाडजूड अंगठी दिसते. मधे रंगीत खडा, भोवती संस्थेचं नाव आणि पास झाल्याचं वर्ष. तिथे ही जुनी चाल आहे, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८३५ च्या तुकडीपासून ती सुरू झाली. नातेवाइकाने अशी अंगठी दिली तर आत बघा. १०के किंवा ४१७ असेल तर दहा कॅरेट, म्हणजे दहा ग्रॅम धातूत सव्वाचार ग्रॅमही सोनं नाही. खडा बहुतेक वेळा कृत्रिम असतो आणि वजनातून तो वजा होतो. काही अंगठ्यांवर सिलेडियम असं लिहिलेलं असतं. ते पोलादाच्या जातीचं मिश्रण आहे, सोनं अजिबात नाही. आठवण म्हणून तिची किंमत करता येणार नाही, पण सराफाच्या काट्यावर ती फारशी भरत नाही.

जीपी, एचजीई अशी अक्षरं दिसली तर ते सोन्याचं पाणी. जीएफच्या आधी १/२० आणि १४के लिहिलेलं असेल तर एकूण वजनाच्या विसाव्या भागाएवढा चौदा कॅरेटचा पत्रा वर चढवलेला. म्हणजे दहा ग्रॅमच्या साखळीत चोख सोनं तीस सेंटिग्रॅमही नाही. आपल्याकडची एक ग्रॅमची ज्वेलरी ओळखीचीच आहे. ती एक ग्रॅम सोन्याची नसते, तांब्या-पितळेवर पातळ मुलामा असतो. विकणारा तसं सांगून विकत असेल तर त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती हाच माल कुणी अडचणीचं निमित्त सांगून "स्वस्तात सोनं" म्हणून गळ्यात मारतो तेव्हा.

मोडायला गेल्यावर

आता पैशाचा हिशेब. रोजचा भाव बदलतो, म्हणून सोपं पडावं यासाठी चोवीस कॅरेटचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपये धरू. बावीस कॅरेटचा झाला ९,१६०. दोन तोळ्याच्या, म्हणजे वीस ग्रॅमच्या पाटल्या घेतल्या तर सोन्याचे १,८३,२०० रुपये. मजुरी बारा टक्के धरली तर २१,९८४. एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी आणि हॉलमार्कचे नगामागे ४५ रुपये अधिक कर. बिल साधारण २,११,४०० च्या घरात जातं. त्याच पाटल्या दुसऱ्या दिवशी मोडल्या तर हातात फार तर १,८३,२०० येतील. अठ्ठावीस हजार गेले आणि यात कुणी फसवलेलंही नाही. मजुरी आणि कर परत मिळत नाहीत, एवढाच याचा अर्थ. म्हणून पोरीच्या लग्नासाठी म्हणून वर्षानुवर्षं दागिने साठवणाऱ्यांनी कमी मजुरीचं वळं किंवा वेढणी घेतलेली परवडते, नक्षीचा दागिना लग्नाच्या वर्षी घडवता येतो.

आता खरी फसवणूक बघा. बावीसचं म्हणून घेतलेलं तीन तोळ्यांचं गंठण प्रत्यक्षात वीस कॅरेटचं निघालं. बावीसच्या भावाने सोन्याची किंमत होते २,७४,८००. वीसच्या, म्हणजे ८३३ च्या हिशेबाने २,४९,९००. फरक २४,९०० रुपयांचा. डोळ्यांना दोन्ही सारखंच पिवळं दिसतं.

मोडीच्या वेळी सराफाला दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. शुद्धता किती धरली आणि घट किती धरली? बरेचदा दोन्ही एकत्र करून "इतके टक्के कापतो" असं सांगतात, आणि तिथेच गोंधळ घालता येतो. दागिना तुमच्यासमोर वितळवून त्या लगडीचं वजन आणि शुद्धता मोजली असेल, तर मळ, डाख, घट हे सगळं त्यात आलंच. त्यावर पुन्हा घट कापायचं कारण उरत नाही. खडे, काळे मणी, दोरा यांचं वजन वजा होणारच. बोरमाळेसारख्या दागिन्यात मणी पोकळ असून आत लाख भरलेली असते, त्यामुळे काट्यावरचं वजन आणि सोन्याचं वजन यात मोठी तफावत पडते. ही तफावत घेताना पण कापली होती का, की लाख सोन्याच्या भावात विकली होती, हे जुन्या पावतीवर निव्वळ वजन लिहिलेलं असलं तरच कळतं.

शुद्धता मोजायच्या रीतीही समजून घ्या. कसोटीच्या काळ्या दगडावर कस लावून बघणं ही जुनी रीत, ती जाणत्या नजरेवर चालते. हल्ली दुकानात छोटं यंत्र असतं, दागिना ठेवला की मिनिटभरात पडद्यावर आकडा येतो. ते सोयीचं आहे, पण ते किरण फक्त वरचा पातळ थर वाचतात. आत दुसरा धातू आणि वर सोन्याचा जाड थर असेल तर यंत्र चकतं. सगळ्यात भरवशाची रीत हॉलमार्किंग केंद्रातली, कणभर सोनं काढून, भट्टीत तापवून, इतर धातू वेगळे करून उरलेलं चोख सोनं तोलायची.

या केंद्रात सामान्य माणूसही आपला जुना दागिना नेऊ शकतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. बीआयएसने मान्यता दिलेल्या केंद्रात चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त नग असतील तर नगामागे ४५ रुपये, वर कर. ते तपासणीचा लेखी अहवाल देतात. जवळचं केंद्र कुठे आहे ते बीआयएसच्या वेबसाइटवर सापडतं. हॉलमार्कचा शिक्काच मारून हवा असेल तर मात्र नोंदणीकृत सराफामार्फत जावं लागतं. लाखभराचा दागिना मोडायच्या आधी दोनशे रुपये आणि एसटीचं भाडं खर्च करणं मला तरी स्वस्त वाटतं.

गहाण ठेवताना

सोनेतारण कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नवे नियम काढले. बँका आणि वित्त कंपन्यांना ते लागू करण्यासाठी दिलेली शेवटची मुदत १ एप्रिल २०२६. शुद्धता तपासताना कर्जदार समोर हवा. वजन, शुद्धता, खड्यांची वजावट आणि धरलेली किंमत लिहिलेला कागद त्याला द्यायचा. घरगुती गरजेच्या कर्जात अडीच लाखांपर्यंत दागिन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा. कर्ज फेडल्यावर फार तर सात कामाच्या दिवसांत दागिने परत, आणि उशीर त्यांच्याकडून झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. गावातली पतसंस्था सहकार कायद्याखाली चालते, तिला हे नियम लागू नाहीत. तिथे गहाण टाकताना प्रत्येक नगाचं वजन आणि शुद्धता पावतीवर स्वतः आग्रहाने लिहून घ्या, शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. सोडवताना तोच दागिना परत आला का, हे त्या सहा अक्षरांवरून ताडता येतं.

कमी निघालं तर

हॉलमार्क असलेला दागिना तपासणीत शिक्क्यापेक्षा कमी शुद्धतेचा निघाला तर बीआयएसच्या २०१८ च्या नियमांनुसार, जितका फरक तितक्याची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला मिळतो. वरच्या गंठणाच्या उदाहरणात ही भरपाई ४९,८०० रुपये होते. खोटा शिक्का मारणं हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो.

पण हे सगळं पावतीवर उभं आहे. पावतीत प्रत्येक नगाचं नाव, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा लिहिलेला हवा. मजुरीही वेगळी लिहून घ्या. कोऱ्या चिठ्ठीवर "गंठण, तीन तोळे" एवढंच लिहून, कर वाचतो म्हणून कच्चं बिल घेतलं, तर कर तीन टक्केच वाचतो, भरपाईची दारं मात्र बंद होतात. पक्क्या बिलाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. कागद दहा वर्षांत पुसट होतो.

तक्रार बीआयएस केअर अ‍ॅपमधूनच करता येते. फोनवर बोलायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. जाताना पावती, केंद्राचा तपासणी अहवाल आणि शिक्क्याचा फोटो जवळ ठेवा. आणि अहवाल हातात येईपर्यंत तो दागिना मोडू नका, पॉलिशलाही देऊ नका.